मावशीची कुरकुर

त्या गाडीचं चालकाशेजारचं दार लावायची एक पद्धत होती. नुसतं ओढलं तर ते अर्ध्यावर अडकायचं आणि कण्हायचं. आपटलं तर लागायचं, पण काच दोन बोटं खाली घसरायची. खरी पद्धत अशी, की हँडलखाली चार बोटं घालायची, दार किंचित वर उचलायचं आणि झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तितक्या हळू आपल्याकडे ओढायचं. मग ते मुकाट्याने जागेवर बसायचं. पाहुण्यांना हे कधीच जमलं नाही. मुलीला जमायला तिची उंची वाढेपर्यंत थांबावं लागलं. बाईंना मात्र पहिल्याच दिवशी जमलं, आणि पुढची सव्वीस वर्षं त्यांनी ते दार बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता लावलं.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. पहिलीच्या वर्गाला त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची, आणि नवराही. नवऱ्याचं कोपऱ्यापलीकडे चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ते चष्मेवाले. बाईंनी घरात काहीही सांगितलं, की चष्मेवाले हात पाठीमागे बांधून ताठ उभे राहत आणि वर्गातल्या पोरांच्या सुरात म्हणत, "हो, बाई."

"चेष्टा पुरे," बाई म्हणत. "आधी पाय पुसून या."

गाडी बीएमडब्ल्यू होती. नाव मोठं, पण त्यांच्याकडे आली तेव्हाच अकरा वर्षांची होती. आधीच्या मालकाने ते दार उघडं ठेवून गाडी मागे घेतली होती आणि दार खांबाला अडकून खाली ओढलं गेलं होतं. डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला. हीटर लावला की कूलंटचा गोडसर वास यायचा. इंजिन सुरू झालं की एक बारीक, नियमित टकटक ऐकू यायची, कुणी नखाने टेबल वाजवत बसल्यासारखी. चष्मेवाल्यांनी हे सगळं पाहिलं, आणि तरी घेतली. समोरचे चार गोल दिवे त्यांना आवडले होते.

"माझ्या दुकानासमोर हीच शोभेल," ते म्हणाले. "चार डोळे आहेत तिला."

"मग दोन चष्मे लागतील," बाई म्हणाल्या. "बसवा आता."

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आठवडाभर गाडीत बसल्यावर तिने गाडीचं नाव मावशी ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "सगळं अंग दुखतं म्हणते, पण फिरायला जायचं म्हटलं की सगळ्यांत आधी तयार." घरातल्या खऱ्या मावशीच्या कानावर हे गेलं, तेव्हा ती दोन महिने आली नाही.

त्या काळच्या बीएमडब्ल्यूत डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे थोडा वळवलेला असतो. बाईंना ते कधी पटलं नाही. "रेडिओ तुमच्याकडे, बटणं तुमच्याकडे. मी काय इथे पाहुणी आहे?" असं म्हणत त्या तिरकं वाकून रेडिओ बदलत.

गाडीचं सगळं काम चष्मेवाले स्वतः करायचे. भिंगांची सवय असलेला हात होता, तो इंजिनावरही चालला. त्यांचा एक नियम होता. गाडीला थांबवू शकेल असं दुखणं ताबडतोब बघायचं, नुसती कुरकुर असेल तर चालू द्यायची. त्यामुळे टायमिंग बेल्ट, ब्रेक, पाण्याचा पंप हे सगळं वेळच्या वेळी बदललं जायचं, आणि दार, वास, टकटक ही वर्षानुवर्षं तशीच राहिली. संध्याकाळी साडेसहाला दुकान बंद करून ते निघाले, की कोपऱ्यावरूनच टकटक घरात पोचायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाई ती ऐकायच्या आणि चहा ठेवायच्या. चष्मेवाले गाडी लावून, पाय पुसून आत येईपर्यंत चहा कपात असायचा.

"तुमच्या आधी तुमची टकटक घरी येते," बाई म्हणायच्या. "एक दिवस ती एकटीच येईल, आणि तुम्ही कुठेतरी गप्पा मारत बसाल."

आता मावशी चार वर्षं छपराखाली कापडात गुंडाळून पडली होती. दुकान विकलं होतं, जायला कुठे नव्हतं. आणि बाई हळूहळू विसरत चालल्या होत्या.

सुरुवात साधी होती. चहात दोनदा साखर, दिव्याचं बटण नेमकं कुठे ते न आठवणं. मग एका दुपारी चष्मेवाले बाजारातून आले, तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "तुम्ही कुणाचे पालक?" त्यांनी विचारलं. "शाळा केव्हाच सुटली. मुलाला इतका वेळ ताटकळत ठेवू नये."

चष्मेवाल्यांना आधी वाटलं, चेष्टा आहे. त्यांनी हात मागे बांधले आणि "हो, बाई" म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

पुढे पुढे ते रोजचंच झालं. पालक म्हणून त्या त्यांच्याशी फार चांगलं वागायच्या. बसा म्हणायच्या, मुलाचं अक्षर सुधारतंय म्हणायच्या. पण झोपायच्या खोलीत पालक कसा चालेल? एका पहाटे शेजारी परका माणूस बघून त्या इतक्या किंचाळल्या, की समोरचे लोक धावत आले. तेव्हापासून चष्मेवाले बाहेरच्या खोलीत कोचावर झोपू लागले. त्यानंतर बाई दोनदा घराबाहेर पडल्या. दुसऱ्या वेळी त्या शाळेच्या बंद फाटकापाशी सापडल्या, पायात एकच चप्पल.

मुलगी दर शनिवारी यायची. तिने एक जागा बघून ठेवली होती, अशा माणसांना सांभाळणारी.

"चांगली आहे, बाबा. मी तीनदा जाऊन आले. खोली मागच्या बाजूला मागितलीय, बागेकडची. रस्त्याचा आवाज अजिबात येत नाही."

"ती घरी आहे ती बरी आहे."

"आणि तुम्ही? काल मला दोनदा फोन केलात, दोन्ही वेळा तेच सांगितलंत."

"तू दोन्ही वेळा वेगळं उत्तर दिलंस."

मुलगी हसली नाही. "ती तुम्हाला घाबरते, बाबा. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही पाणी द्यायला गेलात तर ती भिंतीकडे सरकते. ओळखत असती, तर मी काही बोलले असते का?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला दहा आठवडे दे. तिने मला ओळखलं, एकदा जरी ओळखलं, तर जागा नको."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

त्यांच्या डोक्यात डॉक्टरांचं एक वाक्य होतं. डॉक्टर म्हणाले होते, की जुने वास, जुने आवाज, हाताच्या जुन्या सवयी यांतून कधीकधी घटकाभर ओळख परत येते. खात्री नाही, पण येते. चष्मेवाले दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हाच त्यांना मावशी आठवली होती. तिच्यात बसून बाईंनी अर्धं आयुष्य काढलं होतं. गाडी नीट झाली, बाई शेजारी बसल्या, की बाकीचं आपोआप येईल, असं त्यांना वाटलं. रस्त्यावर येईपर्यंत काय काय बदलावं लागेल याची यादी त्यांच्या मनात तयार होती.

कामाला त्यांनी मित्राला बोलावलं. हा मित्र दाताचा डॉक्टर, आता निवृत्त. त्याच्याकडेही तशीच एक जुनी गाडी होती. कुठलाही भाग हातात घेतला की तो पहिला प्रश्न विचारायचा, "ओरिजिनल आहे का?" म्हणून त्याचं नाव ओरिजिनल पडलं होतं, आणि त्याला ते आवडायचं.

ओरिजिनलने कापड काढलं, बॉनेट उघडलं आणि जीभ टाळूला लावून चक् चक् केलं.

"किती वर्षं असंच ठेवलंस रे?"

"चालत होती ना."

"किडका दातसुद्धा चावतो. म्हणून ठेवतो का आपण?" त्याने ते दार हलवून पाहिलं. दार लटपटलं. "या बिजागऱ्या बघ. आणि हा डॅशबोर्ड! करायचं असेल तर पूर्ण करू. कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी. नाहीतर मला बोलावू नकोस."

"पूर्णच करायचंय," चष्मेवाले म्हणाले.

आणि त्यांनी पूर्ण केली. दहा आठवड्यांत दोघा म्हाताऱ्यांनी जे केलं, ते बघून मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी मान डोलावली असती. दाराच्या बिजागऱ्यांना नव्या पिना आणि नवे बुश बसले. दार आता एका बोटाने लागायचं. हीटरमधलं गळकं रेडिएटर बदललं, वास गेला. तडकलेला डॅशबोर्ड काढून त्याच वर्षाच्या दुसऱ्या गाडीचा अखंड डॅशबोर्ड आणला. सीट उसवून, आतला चुरा झालेला फोम टाकून, नवं कापड शिवून घेतलं. ओरिजिनलने त्या कापडाची वीण भिंगाखाली तपासली आणि मगच होकार दिला.

टकटकीचं काम चष्मेवाल्यांनी स्वतःकडे ठेवलं. या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकाशी त्याला दाबणारा एक रॉकर असतो, आणि इंजिन थंड असताना दोघांमध्ये पाव मिलिमीटर फट लागते. फट वाढली की रॉकर आपटतो, त्याचाच आवाज येतो. फट मोजायला पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, फीलर गेज म्हणतात त्याला. रॉकरच्या टोकावरचा नट सैल करायचा, तिथल्या छोट्या चकतीच्या भोकात सायकलच्या स्पोकची वाकवलेली तार घालायची, आणि चकती केसभर फिरवायची. गेजची पट्टी फटीतून ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखं वाटलं, की झालं.

फटी बदलण्याआधी चष्मेवाल्यांनी बाराच्या बारा फटी मोजून वहीत लिहिल्या. ती त्यांची दुकानातली सवय होती. गिऱ्हाईकाचा जुना नंबर आधी लिहायचा, मगच नवा काढायचा. अकरा आकडे जवळपास सारखे होते. चौथ्या सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तेवढा शून्य पूर्णांक पंचेचाळीस.

"हाच तो चोर," ओरिजिनल म्हणाला.

चष्मेवाल्यांनी त्यालाही पावावर आणलं. इंजिन सुरू केलं, तेव्हा दोघे एकमेकांकडे बघत राहिले. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर पाणी हललं नसतं.

या दहा आठवड्यांत बाई अधूनमधून खिडकीत यायच्या. एकदा त्यांनी मुलीला विचारलं, "ती दोघं कुठल्या वर्गातली? किती मळवलेत कपडे. डब्यातलं खाल्लं का विचार त्यांना." काढलेले जुने भाग एका टबात साठले होते. शेवटच्या आठवड्यात भंगारवाला आला आणि टब रिकामा करून गेला. चष्मेवाल्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी मुलगी लवकर आली. तिने आईला निळी साडी नेसवली, केस विंचरले, हातात पर्स दिली. पर्स हातात आली की बाईंना बाहेर जायचं असतं एवढं कळायचं. त्या शांतपणे पायऱ्या उतरल्या.

मावशी उन्हात उभी होती. चारही दिवे चकाकत होते. ओरिजिनल इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी थांबला होता. वराच्या बाजूचा असल्यासारखा दिसत होता.

बाई गाडीपाशी आल्या. चष्मेवाल्यांनी दार उघडलं. बाई आत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, आणि मग त्यांचा हात आपला आपण बाहेर गेला. चार बोटं हँडलखाली गेली. बाई दाराकडे बघतही नव्हत्या. हाताने दार वर उचलायला जोर लावला.

दार उचललं गेलं नाही. आता त्याची गरजच नव्हती. बाईंचा जोर फुकट गेला, मनगट चमकलं, आणि दार मऊपणे आपोआप येऊन लागलं.

बाईंनी हाताकडे बघितलं. दार उघडलं. पुन्हा बोटं घातली, पुन्हा उचललं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे भिरभिरत होते. पायरी मोजून खाली उतरावं आणि तिथे पायरीच नसावी, तसा चेहरा झाला होता.

"चला, निघू या," चष्मेवाले घाईने म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. काहीच ऐकू आलं नाही.

"ही कुणाची गाडी आहे?" बाईंनी विचारलं.

"आपलीच आहे. मावशी आहे ती."

"नाही हो." बाई त्यांना समजावू लागल्या, उलटा काढलेला आकडा पोराला समजावून सांगावा तशा. "आमची वाजते. ही वाजत नाही. नव्याचा वास येतोय. आपण दुसऱ्यांच्या गाडीत बसू नये, त्यांना काय वाटेल?" मग आवाज बारीक झाला. "मला उतरू द्या. आमचे हे वाट बघत असतील."

"अगं, मी इथेच आहे."

बाई दाराला चिकटल्या. मुलीने धावत येऊन दार उघडलं आणि आईला कुशीत घेऊन आत नेलं. फाटकाशी ओरिजिनल हातातल्या रुमालाने बॉनेटवरचा नसलेला डाग पुसत राहिला.

थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली. बाबा अजून चालकाच्या जागेवर होते. ती शेजारी बसली. दाराने आवाज केला नाही.

"फार सुंदर झालीय, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

चष्मेवाले समोरच्या अखंड, काळ्या डॅशबोर्डकडे बघत होते. तडा कुठून कुठे जायचा ते त्यांना पाठ होतं. रेडिओच्या कडेला बाईंचं नख लागून रंग उडालेली जागा होती, तीही गेली होती. त्यांनी गाडी अशा एका दिवसापर्यंत मागे नेली होती, की ज्या दिवशी ते दोघं तिच्या आसपासही नव्हते. या गाडीत बाई कधी बसल्याच नव्हत्या.

"तिथली खोली एक तारखेपासून मिळतेय. पाच दिवस आहेत," मुलगी हळू म्हणाली.

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी ओरिजिनल आपली हत्यारं न्यायला आला, तर इंजिनाचं झाकण काढलेलं आणि चष्मेवाले आत वाकलेले.

"काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग उघडलंस कशाला?"

"फट वाढवतोय. चौथ्याची."

"कमी करतोयस, असं म्हण."

"वाढवतोय."

ओरिजिनलने त्यांच्या हातातली वही घेतली. आकडा वाचला. "वेड लागलंय का तुला? घड्याळासारखं चालतंय इंजिन. जाणूनबुजून बिघडवणार? रॉकर खराब होईल."

"सव्वीस वर्षांत नाही झाला."

"चांगल्या दाताला मी भोक पाडलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

चष्मेवाले सरळ झाले. पाठ धरली होती. "मी चाळीस वर्षं एकच काम केलं," ते म्हणाले. "समोरच्याला काय दिसतंय ते विचारायचं. मला काय दिसतंय ते नाही. या वेळी विचारायचं राहिलं."

ओरिजिनलने दाराकडे जाऊन ते एकदा उघडलं, लावलं. "बिजागऱ्यांच्या जुन्या पिना कुठायत?"

"भंगारात. काल जाऊन आलो. सगळं पुढे गेलंय."

"आणि तो वास?"

"तो कुठून आणू?"

ओरिजिनलने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "सरक. नट मी धरतो. तुझा हात थरथरतोय, शून्य पंचेचाळीसचं शून्य साठ करशील. वाकडं करायचं तर निदान ओरिजिनल वाकडं कर."

तारेने चकती फिरली. गेजची पट्टी आता फटीत नुसती लोंबकळत होती. झाकण बसवून किल्ली फिरवली, आणि छपराखाली ती बारीक टकटक भरून राहिली. ओरिजिनलने तोंड फिरवलं. चष्मेवाले डोळे मिटून ऐकत होते.

लगेच बाईंना ऐकवायची त्यांची हिंमत झाली नाही. उद्या, उद्या करत तीन दिवस गेले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुलगी बॅग भरायला आली. संध्याकाळी तिला काही न सांगता चष्मेवाल्यांनी गाडी बाहेर काढली आणि विकलेल्या दुकानापर्यंत नेली. तिथे आता कुणीतरी मोबाईलची कव्हरं विकत होतं. साडेसहाला ते तिथून निघाले. कोपरा वळले. काच खाली होती. टकटक दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत येत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बाई होत्या. त्यांनी मान वर केली. कान दिला. आणि खिडकीतून आत वळल्या, भराभर, काहीतरी राहून गेल्यासारख्या.

चष्मेवाल्यांनी गाडी खिडकीखाली थांबवली. किल्ली फिरवायचं भानच राहिलं नाही. पायपुसण्यावर पाय पुसून ते आत गेले.

गॅसवर चहा उकळत होता. गेल्या दोन वर्षांत बाईंनी स्वतः गॅस पेटवला नव्हता. मुलगी कोपऱ्यात भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून बघत होती. टेबलावर दोन कप मांडलेले होते. त्यातला एक निळ्या काठाचा, चष्मेवाल्यांचा.

बाईंनी वळून बघितलं. चेहरा उजळलेला होता. चार वर्षांत असा चेहरा दिसला नव्हता.

"या, या," त्या म्हणाल्या. "अगदी वेळेवर आलात. बसा. आमचे हे येतीलच एवढ्यात. गाडी आली त्यांची."

चष्मेवाले उभेच राहिले. "बाई," ते म्हणाले. "मीच आलोय. गाडी मीच आणली."

बाई हसल्या. उत्तर चुकलेल्या पण धीट मुलाकडे बघून हसावं तशा. "असं कसं? ऐका बरं नीट. अजून वाजतेय की नाही? म्हणजे ते अजून गाडीत आहेत. बंद झाली की येतात ते वर. पाय पुसून." त्यांनी चहा गाळला. आधी साध्या कपात, मग निळ्या काठाच्या. "तुम्ही बसून घ्या आधी. उभ्याने पिऊ नये."

"हो, बाई," चष्मेवाले म्हणाले. तोंडून निघून गेलं.

बाईंचा हात क्षणभर थांबला. "आमचे हेही अगदी अस्संच म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि साधा कप त्यांच्यापुढे सरकवला.

मुलगी जवळ आली. तिने वाकून कानाशी विचारलं, "बाबा, गाडी बंद करून येऊ?"

"नको."

"पण मग तिला वाटेल..."

"बंद झाली, आणि तरीही मीच असलो, तर?"

मुलगी सरळ झाली. तिच्या मागे बाहेरच्या खोलीत भरलेली बॅग कोचावर ठेवलेली होती. चष्मेवाल्यांनी चहा घेतला. साखर बरोबर होती.

"त्यांच्याकडे रस्त्याच्या बाजूची एखादी खोली आहे का?" त्यांनी विचारलं. "बागेकडची नको."

"विचारते," मुलगी म्हणाली. "सकाळी विचारते."

बाईंनी निळ्या काठाच्या कपावर बशी पालथी घातली, निवू नये म्हणून, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसल्या. खाली मावशी वाजत होती. बाईंचं एक बोट टेबलावर तिच्याबरोबर हलत होतं. पाहुण्याने कपाकडे बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं असावं.

"त्याला हात लावू नका हं," त्या हळूच म्हणाल्या. "तो त्यांचा आहे."